डाल्टनच्या तक्त्यात ऑक्सिजन ७ कसा? पहिल्या अणुभारांमागचं मोजमाप

जुनी वही

डाल्टनचा अणुसिद्धांत म्हटला की आपल्याकडे चार-पाच गृहीतकं पाठ केली जातात आणि विषय संपतो. "द्रव्य सूक्ष्म अविभाज्य कणांचं बनलेलं आहे" हे तर डाल्टनच्या आधी कितीतरी जणांनी म्हटलं होतं. डाल्टनचं खरं काम आकड्यांत आहे. कोणत्या मूलद्रव्याचा अणू कशाच्या किती पट जड, हे सांगणारा तक्ता त्याच्याआधी कुणी केला नव्हता.

तो तक्ता तीन टप्प्यांत दिसतो. ६ सप्टेंबर १८०३ च्या वहीतल्या नोंदीत हायड्रोजन १ धरून ऑक्सिजन ५.६६, नायट्रोजन ४ आणि कार्बन ४.५ आहे. पाण्यात वायू किती विरघळतात यावरचा निबंध त्याने २१ ऑक्टोबर १८०३ ला मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत वाचला. तो १८०५ मध्ये छापून आला, तेव्हा हेच आकडे ५.५, ४.२ आणि ४.३ झाले होते. १८०८ च्या पुस्तकात ते ७, ५ आणि ५ आहेत. आज आपण १६, १४ आणि १२ म्हणतो.

हे आकडे कोणत्या प्रयोगांतून आले आणि त्यात कुठली चूक कुठून शिरली, हे नीट सोडवून पाहण्यासाठी हा धागा. नुसतं "डाल्टन चुकला" एवढ्यावर थांबायला नको.

---

काटेतोल

उत्तम विषय. ऑक्सिजनपासून सुरू करू, कारण बाकीचे बरेच आकडे त्याच्यावर उभे आहेत.

७ आणि १६ यांच्यामध्ये दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्या आधी वेगळ्या करायला हव्यात. पहिली म्हणजे पाण्यात वजनाने हायड्रोजन किती आणि ऑक्सिजन किती. हे तराजूचं काम. दुसरी म्हणजे पाण्याच्या एका कणात हायड्रोजनचे अणू किती. हे तराजू सांगूच शकत नाही.

लाव्हाझिएच्या आकड्यांप्रमाणे पाण्यात १५ भाग हायड्रोजन आणि ८५ भाग ऑक्सिजन. ८५ भागिले १५ म्हणजे ५.६६, तोच वहीतला आकडा. पुढे १८०५ मध्ये हुम्बोल्ट आणि गे-ल्युसाक यांच्या कामातून १२.६ आणि ८७.४ हे प्रमाण मिळालं. भागाकार ६.९४, म्हणून ७. आजचं प्रमाण ११.२ आणि ८८.८, म्हणजे ७.९४. तराजूची चूक एवढीच, ७ च्या जागी ८ यायला हवे होते.

८ चे १६ होणं हा निराळा प्रश्न. डाल्टनचा नियम असा होता: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर दुसरं काही कारण नसताना ते एकास एक धरायचं. पाणी एकास एक, अमोनियाही एकास एक. १८१८ मध्ये थेनारने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं, तोवर हायड्रोजन-ऑक्सिजनचं दुसरं संयुग कुणाला माहीतच नव्हतं. या नियमाला पुरावा नव्हता हे खरं. पण नियमच केला नसता, तर तक्ता सुरूच झाला नसता. माझ्या मते ही त्याची सर्वांत धाडसाची आणि सर्वांत उपयोगी पायरी आहे.

---

मेघना

काटेतोल, एक शंका. हुम्बोल्ट आणि गे-ल्युसाक यांनी १०० आयतन (घनफळ) ऑक्सिजनला १९९.८९ आयतन हायड्रोजन लागतो असं मोजलं होतं. ते तर जवळजवळ अचूक आहे. मग वजनाचं प्रमाण ७ वर कसं अडकलं?

---

काटेतोल

मेघनाताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. आयतनाचं मोजमाप बरोबर होतं, हायड्रोजनची घनता चुकलेली होती. आयतनाचं प्रमाण २ आणि वजनाचं ६.९४ धरलं, तर ऑक्सिजन हायड्रोजनच्या १३.९ पट जड ठरतो. खरा आकडा १५.९. म्हणजे त्यांचा हायड्रोजन साधारण १४ टक्के जास्त जड धरला गेला होता.

हायड्रोजनच्या बाबतीत १४ टक्के चूक व्हायला फारसं काही लागत नाही. आम्ल आणि जस्त किंवा लोखंड यांतून काढलेला वायू पाण्यावर गोळा केला, तर तो वाफेने संपृक्त असतो. १६ अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे १३.६ मिलिमीटर, म्हणजे ७६० पैकी १.८ टक्के. पाण्याची वाफ हायड्रोजनच्या ९ पट जड. तेव्हा ०.९८२ अधिक ०.०१८ गुणिले ९ केलं की १.१४४ येतं. नुसत्या ओलाव्याने १४ टक्के! हवेचं तर याहून वाईट. हवा हायड्रोजनच्या १४.४ पट जड असल्यामुळे वायू तोलायच्या काचेच्या फुग्यात १ टक्का हवा राहिली तरी वजन १३ टक्क्यांनी वाढतं. त्यांच्या चुकीत ओलाव्याचा वाटा किती आणि हवेचा किती, ते आता वेगळं काढता येणार नाही. पण यातलं थोडं थोडं पुरेसं होतं.

म्हणून पुढच्या लोकांनी हायड्रोजन तोलणंच सोडून दिलं. १८१९-२० मध्ये बर्झेलियस आणि ड्यूलाँ यांनी कोरडा हायड्रोजन तापवलेल्या कॉपर ऑक्साइडवरून नेला. नळीचं वजन जेवढं घटलं तेवढा ऑक्सिजन, पुढच्या शोषकनळीत जेवढं जमलं तेवढं पाणी, आणि वजाबाकी म्हणजे हायड्रोजन. प्रमाण ११.१ आणि ८८.९ आलं. १८४२ मध्ये ड्यूमाने हाच प्रयोग पुष्कळ मोठ्या प्रमाणावर केला, वायू शुद्ध आणि कोरडा करायला नळ्यांची लांबलचक रांग लावून, तेव्हा ८ पक्का झाला.

---

भट्टीवाला

लाव्हाझिएचं पाण्याचं प्रमाण चुकलं, पण त्याचा पाऱ्याचा प्रयोग वाचताना थक्क व्हायला होतं. त्याची बेरीज-वजाबाकी आज पुन्हा करून पाहता येते, म्हणून इथे देतो.

४ औंस पारा (फ्रेंच औंस, म्हणजे सुमारे १२२ ग्रॅम) लांब वाकड्या मानेच्या काचेच्या भांड्यात. मानेचं तोंड पाऱ्याच्या परातीत पालथ्या ठेवलेल्या घंटेखाली उघडं. आतली एकूण हवा ५० घन इंच. पारा उकळीच्या जरा खाली ठेवायचा (पारा ३५७ अंशांना उकळतो) आणि भट्टी १२ दिवस विझू द्यायची नाही. दुसऱ्या दिवसापासून पाऱ्यावर लाल कण दिसू लागतात, काही दिवसांनी वाढायचे थांबतात. शेवटी हवा ४२ ते ४३ घन इंच उरली आणि लाल भुकटी भरली ४५ ग्रेन. ती भुकटी छोट्या भांड्यात जास्त तापवली, तेव्हा ४१.५ ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच वायू मिळाला.

आता ताळा करा. ४५ वजा ४१.५ म्हणजे ३.५ ग्रेन वायू. फ्रेंच घन इंच १९.८ मिलिलिटरचा, तेव्हा ७ ते ८ घन इंच म्हणजे १३९ ते १५९ मिलिलिटर. खोलीच्या तापमानाला ऑक्सिजन लिटरला १.३३ ग्रॅम, म्हणून वजन ०.१८ ते ०.२१ ग्रॅम. फ्रेंच ग्रेन ५३ मिलिग्रॅमचा, तेव्हा ३.५ ते ४ ग्रेन. वजन आणि आयतन या दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आलं. आजच्या अणुभारांनी ४५ ग्रेन मर्क्युरिक ऑक्साइडमध्ये ३.३ ग्रेन ऑक्सिजन असायला हवा.

एक कमतरता मात्र आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ५० घन इंचांत साडेदहा. त्यातले ७-८ च वापरले गेले. या तापमानाला क्रिया अतिशय मंद असते आणि ऑक्सिजन विरळ होत गेला की जवळपास थांबते. मागे उरलेला वायू शुद्ध नायट्रोजन नव्हता.

हा प्रयोग कुणीही, कुठेही पुन्हा करू नये. तापवलेल्या पाऱ्याची वाफ न दिसता, वास न येता शरीरात जाते.

---

वैशेषिक

अणूंचा विषय निघाला आहे तर कणादांचा उल्लेख हवा. वैशेषिक दर्शनात परमाणू, दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक अशी सगळी मांडणी आहे. त्र्यणुक म्हणजे कवडशात दिसणारा धूलिकण, इतकं मापाचं भानही आहे.

---

जुनी वही

हवाच, आणि ती मांडणी दिसते त्यापेक्षा खोल आहे. कच्चं मडकं भाजल्यावर लाल होतं तेव्हा नक्की काय बदलतं, यावर वैशेषिक आणि न्याय या दर्शनांत मतभेद होता. वैशेषिक म्हणतात, उष्णतेने घट परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि मग पुन्हा जुळणी होते, म्हणजेच पीलुपाक. नैयायिक म्हणतात, अख्ख्या घटातच बदल होतो, हा पिठरपाक. रासायनिक बदल कणांच्या पातळीवर होतो की वस्तूच्या, असा थेट प्रश्न त्यांनी विचारला होता.

डाल्टनचा रस्ता मात्र वेगळा आहे. वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज आणि वायू अशा चार जातींचे, गुणांवरून ओळखायचे. डाल्टनचे अणू वजनावरून ओळखायचे. एकातून दुसरं निघालं असं दाखवणारा धागा सापडत नाही, त्यामुळे दोन्ही आपापल्या जागी ठेवून वाचावेत.

---

मेघना

पुन्हा डाल्टनकडे येते. अणुसिद्धांत गुणित प्रमाणाच्या नियमातून (दोन मूलद्रव्यांच्या वेगवेगळ्या संयुगांत एकाचं वजन तेच ठेवलं, तर दुसऱ्याची वजनं साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात येतात) निघाला, असं बहुतेक पुस्तकांत असतं. मिथेन आणि एथिलीनची तुलना केली आणि त्यातून सुचलं, असा क्रम देतात. पण वहीतला तक्ता सप्टेंबर १८०३ चा आणि मिथेनचं काम १८०४ च्या उन्हाळ्यातलं. हे जुळत नाही.

---

जुनी वही

बरोबर, जुळत नाही. मिथेनची कथा थॉमस थॉमसनकडून आली. त्याने १८०४ मध्ये डाल्टनची भेट घेतली आणि १८०७ च्या आपल्या पुस्तकात हा सिद्धांत पहिल्यांदा सविस्तर छापला. पुढे रॉस्को आणि हार्डेन यांनी डाल्टनच्या प्रयोगवह्या वाचून १८९६ मध्ये दाखवून दिलं की तक्ता त्याआधीचा आहे. त्यांनी उतरवून घेतलं हे मोठं भाग्य, कारण डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात सोसायटीची इमारत जळाली आणि कागदपत्रांचा मोठा भाग गेला.

डाल्टनचा मूळ प्रश्न हवामानाचा होता. १७८७ पासून १८४४ मध्ये मरेपर्यंत तो रोज नोंदी ठेवत होता. जड ऑक्सिजन खाली आणि हलका नायट्रोजन वर असे थर हवेत का लागत नाहीत? कार्बन डायऑक्साइड पाण्यात भरपूर विरघळतो, हायड्रोजन जेमतेम, असं का? कणांच्या वजनात आणि आकारात फरक असेल, असं त्याला वाटलं. ते वजन काढायला घेतलं म्हणून तक्ता विद्राव्यतेच्या निबंधाच्या शेवटी आहे, रसायनाच्या निबंधात नाही. विद्राव्यतेचं स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही, तक्ता टिकला.

---

काटेतोल

मिथेन-एथिलीनचा हिशेब मात्र बघण्यासारखा आहे, कारण तो तराजूशिवाय होतो. मँचेस्टरच्या आसपासच्या तळ्यांच्या तळाचा चिखल ढवळायचा आणि वर येणारे बुडबुडे पाण्याने भरलेल्या पालथ्या बाटलीत धरायचे. हा वायू आधी चुन्याच्या निवळीने धुवायचा, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. नायट्रोजनही असतो. तो निघत नाही, पण मोजता येतो. मग जाड काचेच्या मापनळीत जादा ऑक्सिजन घालून ठिणगी द्यायची.

१ आयतन मिथेनला २ आयतन ऑक्सिजन लागतो आणि १ आयतन कार्बन डायऑक्साइड मिळतो. १ आयतन एथिलीनला ३ लागतो आणि २ मिळतो. कार्बन डायऑक्साइडचं आयतन त्यात गेलेल्या ऑक्सिजनइतकंच असतं. म्हणून मिथेनमध्ये १ आयतन ऑक्सिजन कार्बनने घेतला आणि १ हायड्रोजनने. एथिलीनमध्ये २ कार्बनने, १ हायड्रोजनने. सारख्याच कार्बनला मिथेनमध्ये हायड्रोजन बरोबर दुप्पट.

इथे चूक होते ती पाण्यामुळे. कार्बन डायऑक्साइड पाण्यावर मोजला तर थोडा विरघळून जातो आणि कार्बन कमी दिसतो. स्फोटानंतर लगेच मोजायचं, नाहीतर पारा वापरायचा.

---

भट्टीवाला

डाल्टनने केलेला याआधीचा गुणित प्रमाणाचा प्रयोग नायट्रिक ऑक्साइडचा आहे आणि तो फार नाजूक आहे. ०.३ इंच रुंद आणि ५ इंच लांब नळीत १०० माप हवेला ३६ माप नायट्रिक ऑक्साइड दिला, तर काही मिनिटांत ७९-८० माप उरतं. त्यात ऑक्सिजनही नाही आणि नायट्रिक ऑक्साइडही नाही. हेच रुंद भांड्यात, पाण्यावर वायूचा पातळ थर करून, क्षणभर हलवून केलं तर ७२ माप लागतो, आणि उरतं पुन्हा तेवढंच. ३६ आणि ७२, म्हणजे एकास दोन. मधलं काही नाही, असं त्याने लिहिलं.

आजच्या रसायनाने तपासू. १०० माप हवेत २१ माप ऑक्सिजन. सगळं नायट्रिक आम्ल झालं तर २८ माप नायट्रिक ऑक्साइड लागेल, सगळं नायट्रस आम्ल झालं तर ८४. प्रत्यक्षात दोन्ही होतात, आणि किती होतात ते नळीची रुंदी, पाण्याचा पृष्ठभाग, हलवणं आणि कुठला वायू आधी घातला यावर ठरतं. २८ ते ८४ मधला जवळपास कुठलाही आकडा काढता येतो. डाल्टनने रुंद आणि अरुंद ही दोन टोकं निवडली आणि तिथे त्याला एकास दोन दिसलं. निष्कर्ष खरा, प्रयोग त्याला पुरेसा आधार देत नाही.

---

शाळेचा फळा

नववीच्या वर्गासाठी विचारतो. प्रूस्टचा कॉपर कार्बोनेटचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत जमेल का? स्थिर प्रमाणाचा नियम (एका संयुगात मूलद्रव्यांचं वजनी प्रमाण नेहमी तेच असतं) फळ्यावर लिहून मुलांना पटत नाही.

---

भट्टीवाला

जमेल, आणि करावाच. प्रूस्टचं म्हणणं असं: १०० भाग तांबं आम्लात विरघळवून सोड्याच्या किंवा पोटॅशच्या कार्बोनेटने खाली बसवलं की नेहमी १८० भाग हिरवं कार्बोनेट मिळतं, आम्ल सल्फ्युरिक असो की नायट्रिक.

तांबं आम्लात विरघळवायची गरज नाही, मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या. १० ग्रॅम स्वच्छ निळ्या खड्यांत २.५४५ ग्रॅम तांबं असतं. पांढरट पडलेले खडे घेऊ नका, त्यांतलं पाणी उडालेलं असतं. ते १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. दुसऱ्या काचपात्रात ५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट १०० मिलिलिटर पाण्यात. हिशेबाने ४.२५ ग्रॅम पुरतो, जादा मुद्दाम घ्यायचा. धुण्याच्या सोड्याचे खडे घेतले तर साधारण १३.५ ग्रॅम.

ओतायचा क्रम महत्त्वाचा. मोरचुदाचं द्रावण सोड्यात ओता, हळूहळू, ढवळत. उलट केलं तर सुरुवातीला तांबं जास्त आणि सोडा कमी अशी स्थिती येते, आणि अवक्षेपात सल्फेट अडकतं. ते नंतर धुऊन जात नाही आणि वजन वाढतं. बुडबुडे येतात, म्हणून पात्र निम्मं रिकामं ठेवा.

पहिल्यांदा निळा, फुगीर साका येतो. तो लगेच गाळू नका, गाळणकागद तुंबतो आणि पाणी आतच राहतं. कोमट ठेवून अधूनमधून ढवळा. काही तासांत तो हिरवा आणि दाणेदार होतो, मग भराभर गळतो. गरम पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकल्यावर गढूळपणा येईनासा होईपर्यंत धुवायचं. वाळवणं १०० अंशांखालीच. जास्त तापलं की काळं पडायला लागतं. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, त्यावर तांबं बसतं. मोरचूद विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, आणि हिरवं-निळं पाणी मोरीत न ओतता वेगळं साठवायचं.

---

मेघना

आजच्या सूत्राप्रमाणे १०० तांब्याला १७४ यायला हवेत, १८० नाही. म्हणजे १० ग्रॅम मोरचुदातून ४.४३ ग्रॅम. प्रूस्टच्या आकड्याने ४.५८. शाळेत नेमकं किती आलं म्हणजे बरोबर समजायचं?

---

भट्टीवाला

वरचे ६ भाग बहुधा राहिलेलं पाणी. ते तपासायची सोय प्रयोगातच आहे. वाळलेल्या हिरव्या भुकटीतली २ ग्रॅम चिनी मातीच्या मुशीत घ्या आणि पूर्ण काळी होईपर्यंत तापवा, थंड करून तोला, पुन्हा तापवून तोला. दोन वजनं सारखी आली की थांबा. शुद्ध आणि कोरडं असेल तर वजन २८ टक्क्यांनी घटतं, म्हणजे १.४४ ग्रॅम काळं कॉपर ऑक्साइड उरतं. प्रूस्टच्या १८० ला ही घट ३०.५ टक्के पडली असती. तुमची घट ३१-३२ आली तर भुकटी ओली आहे, २५-२६ आली तर सल्फेट अडकलंय.

वर्गाचे गट करा. एका गटाला १० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला १० च पण सोडा दुप्पट. दुसऱ्या गटाचं एकूण वजन कमी येईल, घटीचा टक्का सगळ्यांचा एकच येईल. सोडा दुप्पट घालूनही तो बदलत नाही, हे मुलांना स्वतःच्या हाताने दिसलं पाहिजे. बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा प्रूस्टशी वाद नेमका इथेच होता. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेल्यावर त्याने नॅट्रॉन सरोवरांच्या काठी मीठ आणि चुनखडीतून सोडा तयार होताना पाहिला होता, प्रयोगशाळेत होतं त्याच्या उलट. जास्त प्रमाणात असलेला पदार्थ क्रियेची दिशा बदलतो, हे त्याचं निरीक्षण अगदी खरं होतं. संयुगाची घटनाही त्याने बदलते, हे त्याचं अनुमान चुकलं.

---

काटेतोल

एक पुरवणी. प्रूस्टकडे कथिलाचे दोन ऑक्साइड होते, तरी गुणित प्रमाण त्याच्या हाती लागलं नाही. याचं एक साधं कारण म्हणजे तो टक्क्यांत लिहीत असे. आजचे शुद्ध आकडे घ्या: एका ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन ११.९ टक्के, दुसऱ्यात २१.२. यात दुप्पट दिसते का? आता १०० भाग कथिलाला किती ते काढा: १३.५ आणि २७. लगेच दिसते. अणू मनात असला की एका मूलद्रव्याचं वजन स्थिर ठेवून लिहायची बुद्धी आपोआप होते. डाल्टनला ती झाली.

---

शाळेचा फळा

फारच उपयोगी. शेवटचा प्रश्न: मग ८ चे १६ कधी आणि कसे झाले? १८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने सांगितलं होतं ना?

---

जुनी वही

सांगितलं होतं, पण जवळजवळ ५० वर्षं ते मानलं गेलं नाही. गे-ल्युसाकने १८०८ च्या अखेरीस वायूंची आयतनं साध्या पूर्णांकांत जुळतात हे मांडलं, तेव्हा खुद्द डाल्टनने ते नाकारलं. आपल्या सर्वांत अचूक प्रयोगात ऑक्सिजनला हायड्रोजन १.९७ पट लागतो, २ नाही, असं त्याने लिहिलं. दोन आयतनं पाण्याची वाफ व्हायला एक आयतन ऑक्सिजन पुरतो. सारख्या आयतनात सारखेच कण धरले, तर ऑक्सिजनचा कण दुभंगतो. त्याच्या अणूला हे चालणारं नव्हतं. ॲव्होगॅड्रोने वायूचा कण दोन अणूंचा धरून हे सोडवलं, पण एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना का धरतील याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्यात ड्यूमाने बाष्पांच्या घनता मोजल्या. अपेक्षेपेक्षा फॉस्फरस दुप्पट, गंधक तिप्पट आणि पारा निम्मा आला. आज कळतं की फॉस्फरसच्या वाफेत चार-चार अणूंचे कण असतात, ड्यूमाच्या तापमानाला गंधकाच्या वाफेत सरासरी सहा, आणि पाऱ्याच्या वाफेत सुटे अणू. मोजमाप बरोबर होतं. सगळे वायू दोन अणूंचेच, ही समजूत चूक होती.

कानिझारोने १८५८ मध्ये वाट काढली आणि सप्टेंबर १८६० च्या रसायनशास्त्रज्ञांच्या कार्ल्सरूहे परिषदेच्या शेवटी त्याची पुस्तिका वाटली गेली. कृती अशी: हायड्रोजन वायूची घनता २ धरायची आणि तिच्या तुलनेत प्रत्येक संयुगाच्या वायूची घनता काढायची. कार्बन मोनॉक्साइड २८, कार्बन डायऑक्साइड ४४, मिथेन १६, एथिलीन २८. मग पृथक्करणाने त्यात कार्बन किती ते पाहायचं: १२, १२, १२, २४. सगळे १२ च्या पटीत. ऑक्सिजनचं तसंच: पाण्याच्या १८ मध्ये १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२. कुठल्याच संयुगात ८ सापडत नाही. म्हणून अणुभार १६, आणि पाण्याच्या उरलेल्या २ भागांत हायड्रोजनचे दोन अणू.

---

मेघना

आणि ज्या धातूंची वायुरूप संयुगं मिळत नाहीत त्यांचं?

---

काटेतोल

त्यांच्यासाठी ड्यूलाँ आणि पेटी यांचा १८१९ चा नियम. विशिष्ट उष्मा आणि अणुभार यांचा गुणाकार कॅलरीत सुमारे ६ येतो. बर्झेलियसच्या १८२६ च्या तक्त्यात चांदी, आजच्या मापाने, २१६ च्या आसपास होती. चांदीचा विशिष्ट उष्मा ०.०५६. गुणाकार १२ येतो, म्हणून निम्मं करायचं: १०८. शिशासाठी ०.०३१ गुणिले २०७ म्हणजे ६.४, तिथे काही बदलायचं नाही. या नियमातून अचूक अणुभार मिळत नाही. सममूल्य भाराला (१ भाग हायड्रोजनशी जुळणाऱ्या किंवा त्याची जागा घेणाऱ्या वजनाला) १ ने गुणायचं, २ ने की ३ ने, एवढंच तो सांगतो. अचूक आकडा तराजूवरच काढावा लागतो. कार्बन, बोरॉन आणि सिलिकॉन यांना खोलीच्या तापमानाला हा नियम लावू नये, तिथे गुणाकार फार कमी येतो.